असल्या वेड्यांना नमस्कार

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. पोलीस ठाण्याच्या पायरीचं तर नावच नको. हा लेख ती पायरी आपणहून चढणाऱ्या वेड्यांच्या स्तुतीसाठी आहे, आणि त्यातही एका खास वेड्याच्या. रीतसर पैसे मोजून त्याने सेकंडहँड बंदूक घेतली, ती चोरीची आहे हे मागाहून कळलं, आणि त्याने स्वतःच फोन करून ती पोलिसांच्या ताब्यात दिली. पैसे गेले ते गेले. नातेवाईक, मित्र, ऑफिसातले लोक सगळ्यांनी त्याला एका सुरात मूर्ख ठरवलं. मला तो माणूस थोर वाटतो.

हा वेडा भेटायचा तर अमेरिकेत. तिथल्या अनेक राज्यांत एकाच राज्यातले दोन रहिवासी आपसात पिस्तूल विकू शकतात, मध्ये दुकानदार लागत नाही. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, न्यू यॉर्क अशा काही राज्यांत खाजगी व्यवहारालाही तपासणी लागते, बाकी ठिकाणी ओळखपत्र पाहिलं, नोटा मोजल्या की झालं. परवानाधारक दुकानातून घेतली, तर १९९३च्या ब्रेडी कायद्यामुळे गिऱ्हाइकाची तपासणी होते. १९९८पासून त्यासाठी एफबीआयची ‘निक्स’ ही यंत्रणा आहे. पण ती तपासते माणसाला. या माणसाला, गुन्ह्यात शिक्षा झाल्यामुळे किंवा दुसऱ्या एखाद्या कारणाने, बंदूक घ्यायला कायद्याने मनाई तर नाही ना, एवढंच तिथे पाहतात. समोर ठेवलेली बंदूक कुणाच्या घरातून उचललेली आहे, याच्याशी त्या तपासणीचा संबंध नाही.

चोरीच्या बंदुकांची यादी आहे. ती १९६७ साली सुरू झालेल्या ‘एनसीआयसी’ या एफबीआयच्या माहितीसाठ्यात असते आणि ती सामान्य माणसाला उघडता येत नाही. सामान्य गिऱ्हाइकाला बहुतेक ठिकाणी पोलिसांकडेच चौकशी करावी लागते. शिवाय कुणाकडे कुठली बंदूक आहे याची देशभराची सरकारी नोंदवही ठेवायला १९८६च्या कायद्याने बंदी आहे. खाजगी मालकाने चोरी कळवलीच पाहिजे, असं बहुतेक राज्यांत बंधन नाही. कित्येक मालकांनी आपल्या बंदुकीचा नंबर कुठे लिहूनही ठेवलेला नसतो. अशा वेळी प्रामाणिक माणूस फसतो यात त्याच्या अकलेचा दोष काढण्यात अर्थ नाही.

मग कळतं कसं? बहुतेकदा तो नंबर कुणीतरी सहज तपासतो तेव्हा. ग्लॉक पिस्तुलाचं उदाहरण घ्या. त्याचा नंबर तीन जागी कोरलेला असतो: वरच्या स्लाइडवर, नळीवर आणि खालच्या प्लास्टिकच्या फ्रेममध्ये बसवलेल्या छोट्या धातूच्या पट्टीवर. कायद्याच्या लेखी ती फ्रेम म्हणजेच बंदूक, बाकीचे सुटे भाग. एखादा पोलीस त्या पट्टीवरची अक्षरं आणि आकडे यादीत घालून पाहतो, आणि नोंद सापडते. जुन्या बंदुकांत वेगवेगळ्या कंपन्यांचे नंबर सारखेही निघतात, म्हणून कंपनी, मॉडेल, कॅलिबर जुळवून खात्री करतात. खात्री झाली की त्या क्षणापासून घेणाऱ्याची बाजू बदलते. तोवर तो फसलेला ग्राहक होता. बंदूक चोरीची असल्याचं ठाऊक असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना ती जवळ ठेवली, लपवली किंवा विकली, तर अमेरिकेच्या संघीय कायद्यात दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे.

आता शहाणे पुढे सरसावतात. पहिला म्हणतो, गप्प बस, कपाटात ठेवून दे. तो जे सुचवतो तोच नेमका वर सांगितलेला गुन्हा आहे. दुसरा म्हणतो, दोन पैसे कमी घे आणि दुसऱ्याच्या गळ्यात मार. तिसरा भला माणूस, तो म्हणतो, ज्याच्याकडून घेतली त्यालाच परत दे आणि पैसे सोडवून घे. ऐकायला हे न्यायाचं वाटतं, पण चोरीची बंदूक जाणूनबुजून पुन्हा दुसऱ्याच्या हाती देणं हाही गुन्हाच, आणि ज्याच्या हाती ती जाईल तो कदाचित स्वतःच चोर असेल. चौथा कानस घेऊन येतो. नंबर घासलेली बंदूक जवळ बाळगणं हा वेगळा संघीय गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा. पाचवा म्हणतो, नदीत टाक. त्या नदीत बंदुकीबरोबर कुणाच्या तरी खटल्याचा पुरावाही बुडतो.

या पाचव्या सल्ल्यापाशी थांबायला हवं, कारण वेड्याचं मोठेपण इथे दिसतं. चोरीची बंदूक बाजारात फिरताना मध्येच कुठेतरी वापरली गेलेली असू शकते. गोळी झाडल्यावर पुंगळीवर त्या बंदुकीच्या खुणा उमटतात. अमेरिकेच्या ‘एटीएफ’ या संस्थेचं ‘निबिन’ नावाचं जाळं गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या पुंगळ्यांच्या प्रतिमा साठवतं आणि जप्त बंदुकीतून चाचणीसाठी झाडलेल्या पुंगळ्यांशी ताडून पाहतं. आपल्या वेड्याने दिलेल्या पिस्तुलातून असा एखादा धागा जुळू शकतो. एखाद्या आईला आपल्या मुलावर कुणी गोळी झाडली याचं उत्तर मिळू शकतं. मिळेलच असं नाही. पण नदीत टाकली तर ते कधीच मिळणार नाही.

वेडा मात्र शिस्तीने वागतो. तो बंदूक पिशवीत घालून थेट ठाण्याच्या काउंटरवर जात नाही, कारण हातात बंदूक घेऊन दारातून येणाऱ्या अनोळखी माणसाकडे पोलीस शांतपणे पाहतीलच असं नाही. तो ती रिकामी करतो, कुलूपबंद ठेवतो. विकणाऱ्याचं नाव, तारीख, मेसेज, विक्रीचा कागद, सगळं एका जागी काढतो. मग फौजदारी वकील गाठतो आणि त्याच्या सल्ल्याने पोलिसांच्या बिगर-तातडीच्या नंबरावर कळवतो: बंदूक अमुक ठिकाणी आहे, येऊन घेऊन जा. ताब्यात दिल्याची पावती मागतो. पुढे विकणाऱ्यावर पैशांसाठी दावाही लावता येतो, कारण विकणाऱ्याने मालाची निर्वेध मालकी दिली पाहिजे, हे तिथल्या व्यापारी कायद्याचं तत्त्व आहे. विकणारा सापडला नाही तर मात्र सगळी रक्कम अक्कलखाती जमा. चोराकडून घेतलेल्या मालावर मालकी मिळत नाही, मग घेणारा कितीही सज्जन असो. बंदूक मूळ मालकाची, किंवा विम्याचे पैसे त्याला मिळाले असतील तर विमा कंपनीची.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद सोडला तर बंदूक बाळगायलाच मनाई आहे. ग्रीनकार्डवाल्याला बंदूक घेता येते, पण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरला तर त्याला देशाबाहेर काढता येतं. म्हणून आधी वकील, मग फोन. चोर सोडून संन्याशाला फाशी होईल ही भीती खोटी नाही. तिच्यावरचा उपाय मात्र सगळे कागद घेऊन नीट उजेडात येणं हाच आहे. लपून राहिलं तर संन्यासी आणि चोर वेगळे ओळखायची सोयच उरत नाही.

आपल्याकडे बंदुकीचा असा व्यवहार होणं कठीण. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवानाधारकालाही आपली बंदूक विकायची तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. पण याच परीक्षेचा पेपर आपल्याला सेकंडहँड मोबाइलच्या रूपाने येतो. इथे सोय तरी आहे: सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर फोनचा आयएमईआय नंबर टाकला, तर तो हँडसेट काळ्या यादीत आहे का ते कुणालाही कळतं. चोरीचा माल जाणूनबुजून ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली गुन्हा आहे. तरी तसा फोन निघाला की घरात पहिला सल्ला काय मिळतो? ओएलएक्सवर टाक.

त्या सल्ल्याने नुकसान कमी होत नाही, फक्त पुढच्या माणसाकडे सरकतं. चोरीच्या मालाचा बाजार अशाच सरकवण्यावर जगतो. प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणा ठरतो आणि माल फिरत राहतो, शेवटी अशा हातात पोचेपर्यंत, जिथे तो नको होता. वेडा तो तोटा स्वतःच्या खिशातून भरतो आणि तिथल्या तिथे संपवतो. कायदा त्याला बक्षीस देत नाही, शेजारी हसतात, विकणारा फोन उचलत नाही. एवढं होऊनही तो बरोबर असतो.

तुमच्या ओळखीत कुणी असा वेडेपणा करायला निघाला, तर त्याला अडवू नका. वकिलाच्या फीला थोडा हातभार लावा, आणि जमलं तर पोलीस येतील तेव्हा त्याच्याबरोबर थांबा.