वॉरंटीपश्चात गृहस्थ

शहरी मराठी मध्यमवर्गात अलीकडे जो एक नमुना ठिकठिकाणी आढळू लागला आहे, त्याला सोयीसाठी ‘वॉरंटीपश्चात गृहस्थ’ म्हणता येईल. वॉरंटी, म्हणजे बिघाड झाल्यास फुकट दुरुस्त करून देण्याची उत्पादकाची मुदतबंद हमी, लॅपटॉपच्या बाबतीत आपल्याकडे बहुधा वर्षभराची असते, आणि ती उलटल्यानंतरच या गृहस्थाचे व्यक्तिमत्त्व खऱ्या अर्थाने फुलते. त्याच्या लॅपटॉपचे बिजागर तुटलेले असल्याने पडद्याला मागून गेल्या वर्षीच्या दाते पंचांगाचा टेकू असतो (चालू वर्षीचे घरात लागते), आणि चार्जरची पिन ज्या कोनात धरली असता दिवा लागतो, तो कोन त्याच्याखेरीज घरात कोणालाही साधत नाही. बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला असतो. फुगलेली लिथियम-आयन बॅटरी पेट घेऊ शकते, हे तो इतरांना आवर्जून बजावतो.

दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यावर गेला की नवे घ्यावे, असा एक ढोबळ ठोकताळा आहे आणि सामान्य माणूस त्यावर निभावून नेतो. या गृहस्थाचा अभ्यास मात्र तेथूनच सुरू होतो. निम्मे ते कशाच्या, २०१७ साली मोजलेल्या बेचाळीस हजारांच्या, की आजच्या पन्नास हजारांच्या, आणि दिवाळीतली सूट व जुन्याचे दोन हजार आधी वजा करायचे की नंतर, हे ठरेपर्यंत सूट संपते. मग पुढच्या सणापर्यंत घाई कशाला, या निष्कर्षाप्रत तो समाधानाने येतो.

दरम्यान त्याची एक फेरी ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर होतेच. ‘चिप लेव्हल’ काम, म्हणजे अख्खा मदरबोर्ड न बदलता त्यावरचा बिघडलेला तेवढाच भाग काढून दुसरा डागणे, हे शब्द त्याने तेथेच आत्मसात केलेले असतात. सूक्ष्मदर्शकातून मान वर न काढता कारागीर म्हणतो, “बोर्ड शॉर्ट वाटतोय साहेब, ठेवून जा, उद्या सांगतो.” ठेवून जाणे मात्र तत्त्वात बसत नाही, कारण हार्ड डिस्कमध्ये सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो असतात, आणि त्यांची दुसरी प्रत काढण्याचे काम लॅपटॉप नीट झाल्यावर करायचे असते. तो पुढच्या दुकानात जाऊन तोच प्रश्न विचारतो आणि दोन्ही आकडे एकाच व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर टिपून घेतो. त्याला दुरुस्ती नको असते आणि खरेदीही नको असते. हवा असतो तो सल्ला, आणि तोही फुकट.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली साठवण, बसवली तर असे जुने यंत्र पुष्कळदा तरतरीत होते, हा त्याचा मुद्दा खराच आहे, आणि वाया जाणारे इलेक्ट्रॉनिक सामान कमी व्हावे हे म्हणणेही रास्त आहे. पण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्याचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, हे मुलीने दाखवून दिल्यावर तो तीन दिवस लिनक्सविषयी बोलतो. चौथ्या दिवशी मुलगी स्वतःच्या कार्डावर नवा लॅपटॉप मागवून मोकळी होते. जुना मोडीत काढावा म्हटले, तर सुट्या भागांसाठी दुकानदाराने सांगितलेले दीड हजार त्याला अपमानास्पद वाटतात. तेव्हा मूळ खोक्यात घालून तो माळ्यावर चढवला जातो, सोबत चार्जरही, कारण चार्जर ओरिजिनल आहे.