गाठोडं

"फक्त सीडी घालायची, एंटर दाबायचं आणि चहा टाकायचा. चहा होईस्तोवर टेलिफोन एक्स्चेंज तयार!" हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सीडी होत्या. मग पेन ड्राइव्ह आला, मग पत्त्यांच्या कॅटएवढा रास्पबेरी पाय संगणक आला. चहा मात्र दर वेळी त्याच्या आईने टाकला, आणि आम्ही तो निवेपर्यंत वाट पाहून प्यालो.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत त्याला 'एक्स्टेन्शन' म्हणतात. गेली अनेक वर्षं तो एक गाठोडं बांधतोय. तळाला लिनक्स, त्यावर एक्स्चेंजचं काम करणारं ॲस्टरिस्क, नोंदी ठेवायला मायएसक्यूएल आणि सामान्य माणसाला माऊसने टिचक्या मारता याव्यात म्हणून वरून फ्रीपीबीएक्सचा मुखवटा. सगळं फुकट, सगळं उघडं, सगळं दुसऱ्याचं. "साहित्य लोकांचं, गाठ माझी," असं तो सांगतो. अशी गाठोडी जगात आधीच झाली आहेत. 'ॲस्टरिस्क ॲट होम' होतं, २००६ मध्ये त्याचंच ट्रिक्सबॉक्स झालं. मग तुझं कशाला? तर म्हणे, "दुसऱ्याने मारलेली गाठ आपल्याला सुटत नाही रे."

ॲस्टरिस्कची जन्मकथा तो श्रावणातल्या कहाणीसारखी सांगतो. १९९९ साली अलाबामात मार्क स्पेन्सर नावाचा विद्यार्थी होता. त्याने लिनक्सवाल्यांना मदत करणारी कंपनी काढली. कंपनीला फोन यंत्रणा हवी, विकत घ्यायला पैसे नाहीत. म्हणून त्याने ती स्वतःच लिहून काढली! इथे एक्स्टेन्शनचा आवाज दाटून येतो. त्या मुलाला फोनची गरज होती आणि याला कोणाचाच फोन येत नाही, एवढाच काय तो फरक. पण वसा तोच.

गाठोडं दर दिवाळीला 'जवळजवळ तयार' असतं. मग खालून कोणीतरी चादर ओढतं. तळाला घेतलेलं जे लिनक्स २०२९ पर्यंत सांभाळू म्हणून त्याच्या कर्त्यांनी सांगितलं होतं, त्याचा बाजार २०२१ सरताच उठला. नव्या पायावर बांधून होतंय तोवर २०२३ मध्ये ॲस्टरिस्कच्या २१व्या आवृत्तीतून फोन जोडून देणारं जुनं चॅन-सिप गेलं आणि त्याच कामाच्या नव्या पीजेसिपशिवाय गत्यंतर उरलं नाही. त्या आठवड्यात त्याच्याकडे गेलो, तर घरात सुतक असल्यासारखी शांतता.

एकदा सोसायटीच्या ऑफिसात प्रयोग झाला. हे गाठोडं सुटताना डिस्कवरचं आधीचं सगळं पुसतं. तशी सूचनाही पडद्यावर येते. सेक्रेटरींनी चष्मा शोधेपर्यंत हा म्हणाला, "काका, दाबा एंटर." काकांनी दाबलं. चार वर्षांचे हिशेब गेले. मेंटेनन्स थकवलेल्या मंडळींनी त्या रात्री त्याला आइस्क्रीम नेऊन दिलं. पुढे इंटरकॉम खरोखर सुरू झाला, पण ॲस्टरिस्कच्या आवाजांच्या साठ्यात किंचाळणाऱ्या माकडांची एक फाइल असते, ती याने चाचणीपुरती वॉचमनच्या एक्स्टेन्शनला जोडली आणि काढायला विसरला. चेअरमननी रात्री अकराला गेटवर फोन लावला. दुसऱ्या दिवशी वॉचमनला नोटीस.

त्याचं खरं वैर राउटरशी. फोन लागतो, पण आवाज एकाच बाजूने जातो. कारण सिप, म्हणजे फोन जोडायची बोली, नुसती घंटी वाजवते. बोलणं वेगळ्या वाटेने येतं आणि ते कुठे पाठवायचं हा पत्ता सिपच्या पहिल्या निमंत्रणात लिहिलेला असतो. राउटरच्या आड बसलेलं यंत्र तिथे घरातल्या घरातला, १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता लिहून मोकळं होतं. लग्नपत्रिकेवर कार्यालयाच्या जागी 'आतल्या खोलीत' छापावं तसं. वऱ्हाड निघतं, पोचत नाही.

न्यू जर्सीतल्या भावाबरोबर चार महिने हे मूकनाट्य चाललं. अखेर एका रात्री साडेअकराला साधलं. आई पदराला हात पुसत मागे येऊन उभ्या.

"ऐकू येतंय?"

"स्वच्छ!"

"मलाही." आणि याने फोन ठेवला.

"अरे, ठेवलास का? मला बोलायचं होतं!"

"अगं, टेस्ट पास झाली ना!"

आईने काही न बोलता आपला मोबाइल काढला, व्हॉट्सॲपवरून धाकट्याला लावला आणि पाऊण तास गुडघ्यांपासून गुळांब्यापर्यंत बोलत बसल्या. हा तेवढ्या वेळात लॉग वाचत होता.

परवा गेलो तर आई म्हणाल्या, "बस जरा, फोनवर आहे." मला आनंद झाला. दारातून डोकावलो. त्याने तारा-चार-तीन फिरवलं होतं. हा चाचणीचा नंबर. आपण बोलू ते जसंच्या तसं परत ऐकवतो.

"हॅलो, ऐकू येतंय का?" त्याने विचारलं.

क्षणभराने रिसीव्हरमधून त्याच्याच आवाजात तोच प्रश्न आला.

"येतंय, येतंय," तो खुशीत म्हणाला. "बोला!"