हवा आमची, भाव तुमचा

पुणे महानगर प्रदेशात पैसा का गुंतवावा, हे सांगणाऱ्या चकचकीत पुस्तिकांत हवामानाचं एक पान ठरलेलं असतं. हिरवी टेकडी, निळं आभाळ आणि खाली दाखला: 'वर्षभर आल्हाददायक'. दाखला अगदीच खोटा म्हणता येत नाही. मुंबईचा गोरा गव्हर्नर पावसाळ्याच्या मुक्कामाला गणेशखिंडीत येई. 1928 साली तर देशाचं हवामान खातंच सिमल्याहून पुण्यात आलं. खुद्द हवामान खात्याला मानवलेली हवा मोटारीच्या कारखान्याला न मानवायला काय झालं?

फक्त ही पुस्तिका केंदूरच्या पारावर मोठ्याने वाचू नये. तिथली माणसं प्रश्न विचारतात.

केंदूर म्हणजे कान्होराज महाराजांचं गाव. तालुका शिरूर, शीव खेडला लागलेली. अरबी समुद्रावरून निघालेले ढग सह्याद्रीवर ओझं उतरवतात आणि मोकळे होऊन पुढे येतात. लोणावळ्यात 4,000 मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस पुण्यात 700च्या आसपास उरतो आणि शिरूरपर्यंत 500च्या घरात येतो. भूगोलाच्या पुस्तकात ही पर्जन्यछाया, तहसील कचेरीत टंचाई, आणि गुंतवणूकदारापुढे 'पावसामुळे कामात खंड नाही'. खरंच आहे. गोदामाला पाऊस लागत नाही. कांद्याला लागतो, पण कांदा गुंतवणूक परिषदांना जात नाही. उन्हाचंही तेच. लख्ख ऊन सौर पॅनेलवर पडलं तर संपत्ती, बाजरीवर पडलं तर पंचनामा.

दुष्काळ हाच इथला फायदा, असं उघडपणे मानणारा एक माणूस मात्र शेजारच्या पाबळला होऊन गेला. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी 1983 साली तिथे विज्ञान आश्रम काढला. अशा कोरड्या, चारचौघांसारख्या गावात जे जमेल ते देशात कुठेही जमेल, असा त्यांचा हिशेब. पण त्यांना व्यवहार कळत नसावा. हवामान आवडलं म्हणून त्यांनी हजार हेक्टरांची अधिसूचना काढली नाही. शाळा सुटलेल्या पोरांच्या हातात वेल्डिंगची कांडी दिली.

आता स्थानमाहात्म्य. नकाशा उघडला की केंदूरला तोड नाही. एका बाजूला चाकण, दुसऱ्या बाजूला रांजणगाव, खाली सणसवाडी. जर्मन मोटार, कोरियन फ्रिज, सगळे शेजारी. प्लॉटवाल्या दादांच्या जाहिरातीत अंतर किलोमीटरमध्ये नसतं, मिनिटांत असतं. ती मिनिटं कोणत्या मुहूर्तावर मोजली, ते विचारायचं नसतं. वाघोलीत, शिक्रापूरच्या चौकात आणि चाकणच्या कोंडीत बसणाऱ्याला एवढंच कळतं, की मोजणाऱ्याने मोजणी पहाटे तीनला केली असणार.

शिवाय 'प्रस्तावित विमानतळालगत' ही ओळ. खेड-चाकणच्या बाजूला होणार होणार म्हणून वर्षानुवर्षे गाजलेला तो विमानतळ इथे न उतरताच 2016 साली पुरंदरला उडून गेला. पण त्याच्या नावाने वाढलेले गुंठ्याचे भाव काही त्याच्यासोबत गेले नाहीत. आता अंजीर-सीताफळाच्या बागा असलेल्या पुरंदरकरांना कळतंय, की आपलंही 'स्थान मोक्याचं' आहे. मोक्याचं ठरण्यासारखं दुसरं संकट नाही.

केंदूरने ते आधीच पाहिलंय. 2005 साली विशेष आर्थिक क्षेत्राचा, म्हणजे सेझचा, कायदा झाला आणि खेडच्या सेझसाठी निमगाव, दावडी, कनेरसर यांच्याबरोबर केंदूरच्याही जमिनी गेल्या. घेताना ती जमीन जिरायत होती. पाणी नाही, पीक बेभरवशाचं, खडकाळ माळ: असं वर्णन ऐकलं, की दर आपोआप खाली बसतो. ताबा झाला आणि चमत्कार घडला. तोच माळ 'सपाट व बांधकामयोग्य', तेच ऊन 'अखंड सौरऊर्जा', तोच कोरडेपणा 'यंत्रांना पोषक'. मोबदल्यातला चौथा हिस्सा कापून घेऊन 15 टक्के विकसित जमीन परत देण्याचा वायदा होता. त्या 15 टक्क्यांसाठी शेतकऱ्यांनी इतकी आंदोलनं केली, की मोर्चा हाच तिथला पहिला भरवशाचा उद्योग म्हणायला हरकत नाही. त्यालाही हवामान पोषकच. मोर्चात पावसाचा खंड नाही.

विकासाला आमचा विरोध नाही. पोरांना कंपनीत कायम नोकरी हवीच आहे. कंत्राटी मिळते, तीही हवी आहे. आमची मागणी अगदी किरकोळ, कागदोपत्री आहे. जमीन विकताना पुस्तिकेत जे छापता, तेच ती घेण्याच्या आधी सातबाऱ्यावर चढवा. इतर हक्कांच्या रकान्यात तलाठी भाऊसाहेबांनी सुवाच्य अक्षरांत नोंद करावी: 'हवा आल्हाददायक, ऊन मुबलक, स्थान मोक्याचं, विमानतळ प्रस्तावित.' खाली मंडल अधिकाऱ्यांची सही. मग त्या उताऱ्यावर बसून दर ठरवू. एवढी नोंद झाली, तर गुंतवणूकदारांच्या पुढच्या पुस्तिकेत केंदूरची हवा एकदम खराब निघेल, याची आम्ही लेखी हमी देतो.