समासातला खुनी

नववं पान. प्रेत अजून सापडायचं होतं. वाड्यावर पाहुणे जमत होते, बाहेर मुसळधार पाऊस, आत पानं घेण्याची गडबड, आणि यजमानांच्या मृत्युपत्राचा विषय नुकताच कुणीतरी काढलेला. एवढ्यात एक सभ्य, मितभाषी गृहस्थ छत्री झटकत आत आले. त्यांच्या नावासमोर समासात निळ्या पेन्सिलीचा एक बाण होता आणि बाणाच्या शेपटाशी लिहिलं होतं, ‘हाच.’

एकच शब्द आणि पुढे ठसठशीत पूर्णविराम. अपिलाला जागाच ठेवली नव्हती.

पुढची २३१ पानं मी केवळ ती पेन्सिल खोटी ठरावी म्हणून वाचली. गृहस्थांनी प्रेत पाहून डोळे टिपले. मी म्हटलं, नाटकं. त्यांनी इन्स्पेक्टरला स्वतः चहा आणून दिला. मी मनातल्या मनात ओरडलो, पिऊ नका! शेवटून दुसऱ्या पानावर तोच निघाला. आठ-चौदाच्या लोकलमध्ये घाटकोपरच्या सुमारास मी पुस्तक मिटलं, तेव्हा शेजारच्याने हळूच विचारलं, ‘घरात कुणी गेलं का हो?’

डोंबिवलीतल्या एका खासगी वाचनालयाचा मी बावीस वर्षं सभासद आहे. नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेल. तिथल्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर एक चिठ्ठी डकवलेली असते, ‘पुस्तकात काहीही लिहू नये.’ एका प्रतीत तिच्याखाली कुणीतरी लिहिलंय, ‘बरं.’

रहस्यकथेवरचं खरं मत वाचायचं असेल तर ते वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत शोधू नये, वाचनालयाच्या प्रतीच्या समासात शोधावं, असं माझं ठाम म्हणणं आहे. तिथे माणूस नाव न घालता लिहितो, म्हणून खरं लिहितो. एका कादंबरीत गळ्याला सुरा टेकलेली नायिका ‘खूनी!’ असं किंचाळते. एका वाचकाने तो ‘खू’ खोडून ‘खु’ केलाय आणि बाजूला नियम दिलाय: ‘खून दीर्घ, खुनी ऱ्हस्व.’ बाईंचं पुढे काय झालं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. दुसऱ्या एकात नायक जलद लोकलमधून ठाकुर्लीला उडी मारून उतरतो. खाली शेरा: ‘जलद गाडी ठाकुर्लीला थांबत नाही.’ त्याखाली वेगळ्या अक्षरात: ‘म्हणूनच उडी मारली ना!’ तिसऱ्या पुस्तकात सासऱ्याला झोपेच्या गोळ्या देऊन संपवतात. तिथे एकाने, बहुधा डॉक्टरने, लिहिलंय, ‘एवढ्या गोळ्यांनी माणूस मरत नाही.’ दुसरा विचारतो, ‘अनुभव?’ आणि तिसरं, नाजूक बायकी अक्षर: ‘मग किती लागतात?’

नारायण धारपांच्या ‘लुचाई’च्या प्रतीत एका विद्वानाने शाईने नोंदवलंय की हे सगळं स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या ‘सालेम्स लॉट’वरून घेतलेलं आहे. माहिती खरी आहे. पण तिच्याखाली एका बाईंनी लिहिलंय, ‘असेल. पण रात्री बाथरूमला जायला मी ह्यांना उठवलं.’ भयकादंबरीची याहून प्रामाणिक समीक्षा माझ्या वाचनात नाही.

समासात जे मोकळेपणी लिहिलं जातं ते शनिवारी संध्याकाळी काऊंटरपाशी तोंडी बोलताना मात्र लोकांची पंचाईत होते. साहित्यिक कादंबरीचं बरं असतं. तिच्यात शेवटी काही होतच नाही, त्यामुळे शेवट सांगितला तरी कुणाचं नुकसान नाही. रहस्यकथेवर मत द्यायचं म्हणजे शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोलण्यासारखं. सगळं माहीत असतं आणि काहीच सांगायचं नसतं. मग लोक ‘शेवट सांगत नाही हं’ अशी सुरुवात करतात आणि पुढे म्हणतात, ‘फक्त मधल्या बहिणीकडे लक्ष ठेवा.’ यापेक्षा तो निळा बाण सुसह्य. तो निदान सभ्यतेचा आव तरी आणत नाही.

अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या रॉजर अॅक्रॉइडच्या खुनाबद्दल तर तारीफसुद्धा करता येत नाही. ‘काय डोकं लढवलंय!’ एवढं म्हटलं तरी ऐकणारा सावध होतो. शंभर वर्षं होत आली, पण ते वाचलेली दोन माणसं भेटली की भुवया उडवून गप्प बसतात. तिचंच ‘द माउसट्रॅप’ हे नाटक लंडनमध्ये नोव्हेंबर १९५२ मध्ये सुरू झालं. तिथे प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर कुणाला सांगू नका, आणि आश्चर्य म्हणजे लोक पाळतात. हेच नाटक आमच्याकडे असतं तर मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेतच निकाल लागला असता.

आमच्या घरी हा प्रश्न नाही. बायको रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचते. ‘कुणी मारलं ते एकदा कळलं की निवांत वाचता येतं,’ ती म्हणते, ‘नाहीतर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात.’

आणि वाचनालयात एक काका आहेत, बँकेतून निवृत्त. ते फक्त बाबूराव अर्नाळकर वाचतात. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, तेव्हा काकांना साठा संपायची भीती नाही. त्यांचं मत विचारलं की म्हणतात, ‘मस्त.’ कुठली? ‘सगळ्या.’ नव्या लेखकाची चारशे पानी कादंबरी कुणी त्यांच्यापुढे धरली तर ते पाठीवरचा मजकूर वाचून परत देतात. ‘काळा पहाड असता तर चौथ्या पानावर आटोपलं असतं.’ झुंजारबद्दल ते एकेरीत बोलतात, धनंजय आणि छोटूबद्दलही. जणू एकाच चाळीत वाढलेत.

काऊंटरवर ग्रंथपाल बाई बसतात. समोर नंबर लावलेल्यांची वही आणि दोऱ्याने टेबलाला बांधलेली लाल-निळी पेन्सिल. पुस्तक उशिरा आणलं तर कार्डावर लाल टोकाने फुली, वेळेवर आणलं तर निळ्या टोकाने बरोबरची खूण. बाई स्वतः मत देत नाहीत. त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा. ‘आपल्याकडे रहस्यकथा चार दिवसांत परत येते,’ त्या सांगतात. ‘स्टेशनपलीकडच्या वाचनालयात लोक पंधरा-पंधरा दिवस दाबून ठेवतात.’

मे महिन्यात भाची राहायला आली आणि घरात अद्भुताचा प्रवेश झाला. ती इंग्रजी फँटसी वाचते. एकेक खंड असा की गॅलरीच्या दाराला अटकाव म्हणून लावावा. उघडलं की पहिल्या पानावर नकाशा. माझ्या आईने तो पाहून विचारलं, ‘कुठल्या यात्रेला निघालीस ग?’

या वाचकांची मतं ऐकताना माझं डोकं गरगरतं. ड्रॅगन आग ओकतो, मेलेली माणसं उठून चालायला लागतात, तलवारी आपल्या मालकाशी बोलतात. यातलं काहीही भाचीला खटकत नाही. पण एके रात्री तिने पुस्तक आपटलं. ‘काहीही लिहितात! मामा, ही राजधानी ते ही भिंत, घोड्यावरून आठ दिवसांत? अशक्य!’

‘आणि ड्रॅगन?’

‘ड्रॅगनचं वेगळं आहे.’

मला मग रोनाल्ड नॉक्स आठवला. हा इंग्लंडमधला पाद्री, आणि रहस्यकथाही लिहायचा. १९२९ साली त्याने रहस्यकथेसाठी दहा आज्ञा काढल्या. दैवी शक्ती चालणार नाहीत, आणि गुप्त खोली किंवा गुप्त वाट असेल तर एकच, हे त्यातले दोन नियम. आपल्या जुन्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना हा दुसरा नियम लावायचा तर भुयारं बुजवायला बांधकाम खात्याला वेगळं अंदाजपत्रक करावं लागेल.

आई श्रावणात ‘नवनाथ भक्तिसार’ वाचते. भाचीने पुस्तक आपटलं त्यानंतर आठवडाभर आजी-नातीत मतांची देवघेव चालली. नात एक मांत्रिक सांगायची, आजी त्यावर मच्छिंद्रनाथ टाकायची. नातीने वादळ बोलावणारा जादूगार काढला, आजीने वाताकर्षणास्त्र काढलं. सगळ्या सैन्याचा श्वासच बंद. नातीकडे एक राणी होती; आजीने अख्खं स्त्रीराज्य आणून समोर ठेवलं.

‘पुढचा भाग कधी येणार?’ आजीने विचारलं.

भाची गंभीर झाली. जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचा पाचवा भाग २०११ मध्ये आला, तेव्हा ती दुसरीत होती. सहाव्याची वाट अख्खं जग बघतंय.

‘मालूकवींनी चाळीस अध्याय पुरे केले,’ आजी म्हणाली. ‘शिवाय कुठला अध्याय वाचल्याने काय लाभ होणार तेही शेवटच्या अध्यायात सांगून ठेवलं.’

हे मला फार पटलं. पुस्तकाच्या पाठीवर हल्ली ‘एकदा हातात घेतलं की खाली ठेवता येत नाही’ वगैरे छापतात ती फलश्रुतीच, फक्त फळ फुटकळ. आमच्या पोथीत अपत्यप्राप्तीपासून शत्रुनाशापर्यंत सोय आहे. इथे नुसती झोपमोड.

भाचीने मग रॉबर्ट जॉर्डनचं दुःख सांगितलं. त्याची ‘व्हील ऑफ टाइम’ मालिका अर्धवट सोडून तो २००७ मध्ये गेला. उरलेले तीन खंड ब्रँडन सँडरसनने त्याच्या टिपणांवरून लिहिले, आणि चौदावा, शेवटचा, २०१३ मध्ये आला. ‘असं कुठे असतं का?’ ती म्हणाली. असतं की! बाणभट्ट ‘कादंबरी’ अपुरी टाकून गेला आणि ती त्याच्या मुलाने पुरी केली. आपण मराठीत या सगळ्या वाङ्मयप्रकारालाच त्या पुस्तकाचं नाव दिलंय. लेखकाने अर्धवट सोडलेल्या पुस्तकावरून ज्याचं बारसं झालं, त्याच्या वाचकांनी पुढच्या भागासाठी घाई करू नये. भाचीला हे पटलं नाही. ती मार्टिनला शिव्या देत पुण्याला परत गेली.

मी मात्र निळ्या बाणाला विसरलो नव्हतो. जूनमध्ये लागोपाठ तीन पुस्तकांत तो भेटला. तिन्ही वेळा पन्नास पानांच्या आत, तिन्ही वेळा अचूक. तेव्हा मी सूड घ्यायचं ठरवलं.

खोडून उपयोग नव्हता; रंगीत पेन्सिल खोडरबराने जात नाही, नुसती फासली जाते. म्हणून मी बाण वाढवायचे ठरवले. लाल-निळी पेन्सिल आता सहज मिळत नाही. तीन दुकानं पालथी घातल्यावर बाजीप्रभू चौकाजवळ एक धुळकट डबा निघाला. पहिला बाण मी एका निरुपद्रवी स्वयंपाक्याला लावला. लिहिताना हात थरथरला. निरपराध माणसाला अडकवण्याची ही माझी पहिलीच खेप. पुढे सराव झाला. डॉक्टर, विधवा आत्या, पोस्टमन, एकदा तर खुद्द इन्स्पेक्टर. एका पुस्तकात कंटाळून मी आगगाडीतल्या सगळ्याच प्रवाशांना बाण लावले. (ते पुस्तक ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल की तेवढ्या एका बाबतीत माझ्याकडून अन्याय झालेला नाही.)

परिणाम महिन्याभरात दिसला. एक वहिनी काऊंटरवर पुस्तक ठेवत म्हणाल्या, ‘काय शेवट आहे! मला अगदी शेवटपर्यंत स्वयंपाकीच वाटत होता.’

‘का बरं?’ मी निरागसपणे विचारलं.

‘तसं... त्याच्या वागण्यावरून,’ त्या म्हणाल्या. पेन्सिलीवर विश्वास ठेवला हे कोण कबूल करणार? त्या स्वयंपाक्याला पुस्तकात दोनच वाक्यं आहेत, आणि त्यातलं एक ‘मीठ आहे’ असं आहे. मला लेखक झाल्यासारखं वाटलं. लोक आता शेवटपर्यंत वाचत होते, मागे जाऊन पुन्हा वाचत होते, आपसात भांडत होते. अर्नाळकरवाल्या काकांनीसुद्धा एक नवी कादंबरी घरी नेली. पुस्तकं दहा-दहा दिवस परत येईनात. नंबरांची वही भरली, कार्डांवर लाल फुल्यांचा सडा पडला आणि बाईंचा चेहरा उतरत गेला.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी गर्दी पांगल्यावर त्यांनी मला थांबवलं. खणातून पाच पुस्तकं काढून ओळीने मांडली आणि एकेक बाण उघडून दाखवला.

‘हे “हाच” तुमचे.’

‘कशावरून?’ मी म्हटलं. ‘निळी पेन्सिल कुणाकडेही असू शकते. अक्षरही तेच दिसतंय.’

‘तुम्ही पुढे पूर्णविराम देत नाही.’

वाचनालयात पंखा तेवढा आवाज करत होता. मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पावतीपुस्तकाकडे पाहिलं. मग त्यांनी मान खाली घालून, दोरा ताणून पेन्सिल ओढली आणि लिहिलं, ‘पुस्तक विद्रूप केल्याबद्दल दंड रुपये पन्नास, रोख.’

मी मुकाट्याने पन्नास रुपये भरले. पावती घरी जपून ठेवली आहे. निळ्या टोकाने लिहिलेली आहे.

तेव्हा आमच्या वाचनालयातली रहस्यकथा कधी तुमच्या हाती आली आणि समासात बाण दिसला, तर आधी पूर्णविराम आहे का तेवढं बघा. नसेल तर खुशाल पुढे वाचा.