कोन्या बयताडानं बांधलं हे?

इंजिन खोललं की वऱ्हाडातला मेस्तरी पाना खाली ठेवतो, कमरेवर हात घेतो आणि विचारतो, "कोन्या बयताडानं बांधलं होतं हे?" हे म्हटल्याशिवाय पुढचा नट सुटत नाही. अमरावतीत बडनेरा रोडला जा की अकोल्याच्या एमआयडीसीत जा, टिनाचं शेड, ऑइल पिऊन काळी तुळतुळीत झालेली जमीन आणि चेनकुप्पीला लटकलेलं एखादं हेड दिसलं की समजावं, तो इथेच आहे. कोणी त्याला उस्ताद म्हणतं, कोणी चाचा, बाकीचे मेस्तरी. ट्रॅक्टरवाल्या मेस्तरीशी तो दोन शब्द बोलतो, मोटारसायकलवाल्याला लांबून मान हलवतो, आणि लॅपटॉप घेऊन सेन्सर तपासायला येणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला 'कॉम्प्युटर ऑपरेटर' म्हणतो.

त्याच्याकडे येतात ते डोझर, रोलर, क्रेन असले अवजड पेशंट. शेततळी खोदून, नाले उकरून, काळ्या मातीत माना घालून थकलेले. नवं यंत्र घ्यायची मालकाची ऐपत नसते आणि जुनं भंगारात घालायची छाती नसते. शिवाय आपल्या मुलखाला जुन्याची सवय आहे. १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनानं मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे १९९४ पर्यंत ओढली. मग डिझेल आलं. तिथे तीस वर्षांच्या डोझरला म्हातारं कोण म्हणेल? मेस्तरी तर म्हणतोच, "शेठ, याचं आता कुठं लगन झालं."

त्यातही त्याचा जीव कमिन्सच्या एन.टी. ८५५ वर. आठशे पंचावन्न घनइंच, म्हणजे चौदा लिटर; सहा सिलिंडर, दोन-दोन सिलिंडरला एक अशी तीन हेडं. पुण्यात किर्लोस्कर कमिन्स १९६२ साली सुरू झाली, तेव्हा मेस्तरी जन्मलेलाही नव्हता, पण बोलतो असं की जणू कोथरूडला पाया खणताना हा कुदळ घेऊन उभा होता.

रोग ओळखण्याची त्याची पद्धत पाहण्यासारखी. लांब पेचकस ब्लॉकला टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. शेडमधल्या पोट्ट्यांनी श्वास रोखायचा. "तीन नंबरचं बिगिन बोलून रायलं." बिगिन म्हणजे बिग एंड, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. मग रेडिएटरचं झाकण उघडून त्यात बोट बुडवतो आणि जिभेला लावतो. मालकाच्या गाडीत कूलंट नसणार याची त्याला तेवढी खात्री असते. थुंकून विचारतो, "दर्यापूरकडं होती काय गाडी?"

मालक गार. गाडी खरंच दोन उन्हाळे दर्यापूरकडे होती. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तो. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, ड्रायव्हर स्वतः गोड्या पाण्याची कॅन शोधत फिरतो आणि रेडिएटरात मात्र तेच खारं पाणी बादलीनं ओततो. आत मिठाची, चुन्याची पुटं चढतात आणि इंजिन तापतं. त्याहून वाईट म्हणजे लायनर. स्फोटागणिक तो थरथरतो, त्याच्या अंगाला लागून पाण्यात बारीक बुडबुडे होतात, फुटतात, आणि फुटताना लोखंडाचा कण घेऊन जातात. कूलंट असलं तर लायनरवर राखणीचा थर राहतो. नसलं तर बाहेरच्या अंगाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात आणि एक दिवस खड्डा आरपार जाऊन पाणी ऑइलमध्ये उतरतं. हे सगळं मेस्तरी एका वाक्यात सांगतो: "खारं पानी पाजलं तुमी याले."

इथून पुढे कामाला लागतो तो वेळ. त्याच्या कॅलेंडरात तारखा नाहीत, सण आहेत. "पोळा झाला का देतो." पोळा होतो. मग घरी महालक्ष्म्या बसतात. मग दसऱ्याला हत्यारं पुजतात, म्हणून त्याच्या आधी दोन दिवस ती घासायची असतात. मधल्या काळात क्रँक घासायला गेलेली असते, लेथवाल्याच्या साळ्याचं लग्न निघतं, आणि सामान नागपूरहून 'निघालेलं' असतं. नागपूरहून निघालेलं सामान बडनेऱ्याला पोचायला जेवढा काळ घेतं, तेवढ्यात माणूस काशी करून येईल.

एक मालक एकदा चिडला. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं, कतारचा विक्रम मोडला, गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. ज्या रस्त्यानं वर्षानुवर्षं लोकांची हाडं खिळखिळी केली, त्याच रस्त्यावर! पेपर फडकवत मालक म्हणाला, "पाहा मेस्तरी, पाच दिवसात पंच्याहत्तर किलोमीटर. आन तुमी तीन महिन्यांत तीन हेडं बसवून नाई रायले."

मेस्तरीनं शांतपणे पेपर घेतला, त्यावर टॅपिटचे नट मांडले. "एका पदराचे पंच्याहत्तर, शेठ. दोन पदर धरले तं साडेसदतीस." हिशोब बरोबर होता, हेच वाईट. "आन डांबर कमी पडलं तं वरून आनखी टाकता येते. बेअरिंग चुकलं तं वरून काय टाकाचं?"

शेडमध्ये एक आयटीआय झालेला पोरगा असतो. त्याच्या मोबाइलमध्ये कंपनीचं पुस्तक असतं, म्हणून मेस्तरी त्याला 'प्राचार्य' म्हणतो. लायनर ब्लॉकमध्ये बसवला की त्याची कॉलर ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या किंचित वर राहावी लागते, इंचाचे काही हजारांश भाग. तेवढी राहिली तरच हेड गॅसकिटला नीट दाबतं. खाली गेली तर गॅसकिट पंधरा दिवसांत उडालंच. या हजारांशाला शेडमध्ये थाऊ म्हणतात. मेस्तरी अंगठ्याचं नख ब्लॉकवरून सरकवत नेतो, कॉलरला अडकवतो, पुन्हा नेतो, आणि जाहीर करतो, "चार थाऊ." पोरगा डायल गेज लावतो.

"उस्ताद, साडेचार येऊन रायलं."

"गेज उन्हात होतं."

पोरगा पुस्तकातला आकडा दाखवायला जातो. "ज्यानं लिव्हलं त्यानं अकोल्याचा मे महिना पायला हाय काय?" विषय संपतो. पण पोरगा जेवायला गेला की मेस्तरी हळूच गेज उचलतो, सावलीत पाच मिनिटं ठेवतो आणि सहाच्या सहा लायनर पुन्हा मोजतो. भिंतीवर टॉर्कपाना टांगलेला असतो, दसऱ्याच्या हळदकुंकवासकट. एरवी तो त्याकडे बघत नाही. मेन बेअरिंगचे बोल्ट आवळायची वेळ आली की मात्र गुपचूप काढतो, आणि त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलायचं नसतं. मालकानंसुद्धा.

तर तो बयताड. हा आधीचा मेस्तरी प्रत्येक इंजिनात निघतो आणि त्याचा उद्धार काम संपेपर्यंत चालतो. गॅसकिटला शेलॅक जास्त लावला: बयताड. बोल्ट वाकडा आवळला: बयताड. ऑइलच्या चेंबरात वॉशर सापडला: बयताड, आणि त्याचे वडीलही. एका डोझरच्या बाबतीत हे दीड महिना चाललं. शेवटी प्राचार्यानं टायमिंग कव्हर डिझेलनं धुतलं, तेव्हा आतल्या अंगाला पंचानं ठोकलेली एक चांदणी निघाली. आता चांदणी ही मेस्तरीची सही. बांधून झालेल्या प्रत्येक इंजिनात तो ती कुठेतरी ठोकतो, हे शेडमधल्या कुत्र्यालाही माहीत.

सगळे चूप. पोरगा कव्हर उलटं ठेवायच्या बेतात होता. मेस्तरीनं ते हातात घेतलं, चांदणीवरून अंगठा फिरवला आणि मालकाकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "म्हनूनच तं बारा वर्षं चाललं, शेठ! दुसऱ्याच्या हातचं असतं तं दोन वर्षांत बसलं असतं." जास्तीचा शेलॅक त्या क्षणापासून दूरदृष्टी झाला. वॉशरबद्दल मात्र पुन्हा कोणी बोललं नाही.

इंजिन चालू करायच्या दिवशी नारळ, लिंबू, अगरबत्ती. डिझेल बंद ठेवून आधी सेल्फ मारायचा, ऑइल वर चढवायचं, काटा हलला की मग डिझेल. पहिला पांढरा धूर शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानात जातो, ते शिव्या देतात, तो शुभशकुन. आवाज एकसारखा होतो, पोट्टे टाळ्या पिटतात. मागे कुठेतरी टक-टक-टक येत असतं. मालकाला ऐकू येतं, पोराला ऐकू येतं, रस्त्यावरच्या चहावाल्याला ऐकू येतं. पेचकसानं तीन नंबरचं बिगिन ऐकणाऱ्या मेस्तरीला ऐकू येत नाही. "बसन ते," म्हणतो. आणि सांगायला चीड येते, पण दोन दिवसांत ते बसतं.

मजुरी तो एकदम सगळी घेत नाही, थोडी बाकी ठेवतो, म्हणजे मालक परत येतो. मालकही सगळी देत नाही, म्हणजे मेस्तरी फोन उचलतो. वऱ्हाडातली ही एकमेव हमी आहे जी दोन्ही बाजूंनी पाळली जाते.

तुमचं इंजिन त्याच्याकडे असेल तर फोन करू नका, "होऊन रायलं न भाऊ" एवढंच ऐकू येईल. सकाळी अकराच्या आत स्वतः जा. त्यानंतर तो लेथवर गेलेला असतो. जाताना कूलंटचा कॅन न्या. आणि खोललेलं इंजिन समोर असताना मागच्या खेपेला ते कोणी बांधलं होतं, हे आठवत असलं तरी सांगू नका.