बिनहप्त्याचे आबा

सांगली जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत एसटीच्या थांब्याजवळ एखादी पिकअप बॉनेट उघडून उभी असते आणि त्या बॉनेटमध्ये कंबरेपर्यंत शिरलेला एक इसम असतो. तोंड दिसत नाही, पण गाव त्याला पाठमोराच ओळखतं. नाव काहीही असो, आपण त्याला आबा म्हणू. वय पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. पायजमा कधीकाळी पांढरा होता, असं घरचे सांगतात. द्राक्षबाग बरी चालते. नव्या गाडीचं कर्ज द्यायला बँकेचा माणूस घरी येऊन चहा पिऊन गेलाय. तरी आबांनी घेतली ती २००८ सालची, तीन मालकांच्या हाताखालून गेलेली डिझेल पिकअप. “नवी गाडी काय, कुणालाबी चालवता येती,” एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं.

आबांचे वडील खरसुंडीच्या बाजारात खिलार बैलाचे दात बघून वय सांगायचे. विद्या पोराकडं आली, पण तोवर दावणीला बैल उरले नाहीत. मग ती गाड्यांवर खर्ची पडू लागली. आता पंचक्रोशीत कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की आधी आबांना विचारतात आणि पैशाची तजवीज मागनं करतात.

गाडी बघायला आबा न कळवता जातात, तेही झुंजुमुंजू असताना. रामराम नंतर, आधी बॉनेटवर पालथा हात. बॉनेट कोमट लागलं तर मालकानं कुठून तरी कुणकुण लागून पाहुणे यायच्या आत इंजिन तापवून ठेवलंय, म्हणजे थंड असताना गाडी सेल्फ घेत नाही. “रात्री लांबचं भाडं हुतं वाटतं,” असं म्हणून आबा चहा न घेता उठतात. बॉनेट गार असलं तरच पुढची तपासणी. डिपस्टिक ओढून ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळायचा. दुधाळ दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरलंय आणि बहुधा हेड गॅस्केट गेलंय. मग गाडी चालू करायला लावून ऑइल भरायचं झाकण काढायचं. तिथून भकाभका धूर उसळला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, कॉम्प्रेशन खाली सुटतंय. त्यानंतर सायलेन्सरच्या मागं जाऊन उभं राहायचं. काळा धूर असेल तर काम एअर फिल्टर किंवा नोझलवर भागण्याची आशा. निळसर असेल तर इंजिन ऑइल पितंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबेना, तर आबाच निघण्याची तयारी करतात.

तोवर मालक नवी सीट कव्हरं, नवा रंग, गाण्यांची सिस्टीम दाखवत असतो. आबा नव्या रंगाला फार भितात. “वरनं एवढी नटलीय म्हंजे आतनं रडत असणार,” असं पुटपुटत ते गाडीखाली जातात. शहरातला माणूस गाडी बसून बघतो, आबा झोपून बघतात. चेसिसला वेल्डिंगचा टाका पडलाय का, मेन पाटा बदललाय का, डिफरन्शियलला ऑइल सुटलंय का, क्रॉसमध्ये खेळ किती आहे, हे सगळं टॉर्चच्या उजेडात. नंबर एमएच ०७ किंवा ०८ असला, म्हणजे सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं पासिंग निघालं, तर चिखलपंख्याच्या आतल्या बाजूला टेस्टर टोचून बघायचा, कारण समुद्राच्या खाऱ्या हवेत पत्रा आतून कुजतो. किलोमीटरच्या आकड्याकडं मात्र ते ढुंकूनही बघत नाहीत. मीटरवरचे किलोमीटर आणि लग्नाच्या बायोडाटातला पगार सारखेच, असं त्यांचं मत आहे: दोन्ही ऐकायचे आणि सोडून द्यायचे.

एवढा पारखी माणूस कागदांपुढं मात्र दुबळा. गाडी मनात भरली की त्यांचा हात विसार द्यायला खिशात गेलाच. तिथं आबांची बायको, म्हणजे काकू लागतात. काकूंना नोझल कळत नाही, पण आरसी बुकाच्या कोपऱ्यातलं बँकेचं नाव त्यांना लांबून दिसतं. “बोजा उतरलाय का?” या त्यांच्या एका प्रश्नावर भले भले एजंट गडबडले आहेत. बँकेची सही असलेला फॉर्म ३५, मालकाच्या सह्या झालेले फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी, मागचा कर भरल्याची पावती, हे सगळं काकूंच्या पिशवीत पडेपर्यंत पैसे काकूंच्याच पदराखाली. इंजिनात फसलात तर पैसे जातात, कागदात फसलात तर गाडीच जाते, हे काकूंना आबांच्या आधी कळलेलं आहे.

भावाची घासाघीस ही आबांची खरी मौज. त्यांच्या वडिलांच्या काळात रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा आणि शेजारच्याला आकडा कळायचा नाही. आता एजंट मोबाइलवर आकडा टाइप करून पुढं धरतो. आबा तो वाचून नुसते हसतात आणि मोबाइल परत देतात. हे तीन-चारदा झालं की आकडा आपोआप उतरतो.

गाडी घरी आली, नारळ फुटला. हळदीकुंकू लावता लावता काकूंनी विचारलं, “चालत आली का वढत आणली?” चालतच आली होती. पण पहिल्याच आठवड्यात आबांनी “जरा किरकोळ काम काढलंय” म्हणून ती गॅरेजला नेली. आधी बॅटरी. बॅटरी घातल्यावर कळलं की दोष सेल्फचा होता. सेल्फ भरला तेव्हा क्लच प्लेट संपल्याचं दिसलं. क्लचसाठी गिअर बॉक्स खाली घेतलाच आहे, तर मागचं ऑइल सीलही बदलू, असं ठरलं. त्या किरकोळ कामाचा शेवट द्राक्षांच्या हंगामात हाफ इंजिनाच्या कामानं झाला आणि बागेचा माल शेजाऱ्याच्या गाडीतून गेला.

गॅरेज हे आबांचं दुसरं घर. तिथं उपड्या ऑइलच्या डब्यावर त्यांची ठरलेली जागा आहे. मिस्त्री आणि आबा मिळून इंजिन ऐकतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं आणि मूठ कानाला. दोघं आळीपाळीनं ऐकतात, एकमेकांकडं बघतात आणि गंभीरपणे चहा सांगतात. त्या कानाला पुढं सवयच लागली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या रस्त्यानं गेलेल्या परक्या गाडीचा आवाज ऐकूनही आबा म्हणतात, “तिसऱ्या नंबरचं नोझल ठोकतंय त्याचं.” काकूंना दम लागत होता तेव्हा त्यांची धाप मात्र आबांना पुण्याच्या मुलानं फोनवर ऐकून सांगितली.

गाडी कुठं उभी करायची याचा आबांचा नियम एकच: उतार. सावली, अंतर, नो पार्किंगची पाटी, या सगळ्या नंतरच्या गोष्टी. देवळाला जायचं तर उतारावरून चालत, लग्नाला जायचं तर कार्यालयाच्या मागच्या चढावरून चालत. सेल्फनं दगा दिलाच तर हँडब्रेक सोडायचा, दुसरा गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा. डिझेल गेजचा काटा गेल्या मालकाच्या वेळेपासून अर्ध्यावर स्थिरावलेला आहे, म्हणून टाकीत वेताची काठी बुडवून डिझेल मोजायचं. काठी घरी राहिली की टाकी कोरडी पडते आणि डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते. अशा वेळी नुसतं डिझेल ओतून भागत नाही. फिल्टरजवळचा स्क्रू ढिला करून हातपंप दाबत बसायचं, फेस जाऊन सलग डिझेल येऊ लागलं की स्क्रू आवळायचा. आबा हे काम भर बाजारात इतक्या तन्मयतेनं करतात की बघे सल्ले द्यायचं विसरतात.

नव्या गाड्यांवर त्यांचा राग आहे आणि त्या रागाला तारखा आहेत. १ एप्रिल २०१७ ला देशभर धुराचे बीएस फोर नियम आले आणि १ एप्रिल २०२० ला बीएस सिक्स. या दोन तारखा आबा वाडवडिलांच्या तिथ्यांप्रमाणे म्हणून दाखवतात. त्यांच्या गाडीचा पंप मेकॅनिकल आहे. पान्यानं उघडतो आणि पान्यानं बसतो. कॉमन रेलच्या गाडीत संगणक असतो, सेन्सर असतात आणि बिघाड शोधायला आधी स्कॅनर लावावा लागतो. “दुखतंय कुठं हे गाडीला न इचारता मोबाइलला इचारायचं?” असं ते विचारतात. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तो साफ व्हायला गाडी अधूनमधून वेगानं पळवायची, हे त्यांना पटतच नाही. आणि काही नव्या डिझेल गाड्यांत धुरातला विषारी वायू मारायला युरियाचं पाणी वेगळं भरावं लागतं हे कळलं तेव्हा तर ते दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, “युरिया उसाला घालायचा का गाडीला, एकदा सरकारनं नक्की सांगावं.” त्यांच्या स्वतःच्या गाडीमागून मोटारसायकलवर जाणारी माणसं नाकाला रुमाल का लावतात, हा विषय निघाला की आबांना बागेतलं पाणी बदलायचं आठवतं.

मालवाहू गाडीला आठ वर्षं पुरी झाली की पासिंग दरवर्षी करावं लागतं, आणि गाडी जुनी होत जाईल तशी त्याची फीही चढते. हा आबांचा वार्षिक सण. आदल्या दिवशी गाडी धुऊन निघते, फाळक्याला परावर्तक पट्ट्या चिकटतात. स्टेपनी चुलत्याची, वायपरची पाती मेहुण्याची, डाव्या इंडिकेटरची काच गॅरेजमधल्या एका परक्या गाडीची. त्या एका दिवशी हॉर्न, दिवे, हँडब्रेक सगळं एकाच वेळी चालतं. संध्याकाळी सर्टिफिकेट खिशात आलं की उसनं सामान ज्याच्या त्याच्या घरी पोचतं. २०१९ च्या एप्रिलच्या आधी नोंदलेल्या गाड्यांना सरकारनं नवी सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची केली. ती बसवून झाल्यावर आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि कबूल केलं की पहिल्या हातातली वस्तू गाडीत आता ही एकच.

या सगळ्याचा हिशेब आबांच्या वहीत आहे. नवी गाडी इतक्याची, तिचा महिन्याचा हप्ता इतका, व्याज इतकं, विमा इतका. त्यापुढं जुनीची किंमत आणि दुरुस्ती. बेरीज दरवेळी जुनीच्या बाजूनं झुकते. आबांच्या पुतण्यानं कर्ज काढून नवी पिकअप घेतलीय. एकदा त्यानं ती वही नीट वाचली आणि विचारलं, “आबा, गॅरेजात बसून काढलेलं दिवस कुठं धरल्यात?” आबा म्हणाले, “ते कशाला धरायचं? माझं दिवस कोन इकत घेतंय?” पुतण्याचं गणित बरोबर होतं. आबांच्या दिवसांची मजुरी धरली तर वही उलटी फिरते.

पण पुतण्याच्या वहीतही एक रकाना नाही. त्याची गाडी सकाळी द्राक्षं घेऊन जाते, येताना सिमेंट आणते आणि रात्री पुन्हा भाड्यावर निघते. निघावंच लागतं, कारण गाडी उभी राहिली तरी हप्ता चालतच राहतो. म्हणून रात्री दीड वाजता कुणाच्या छातीत कळ आली की गाव पुतण्याचं दार वाजवत नाही, आबांचं वाजवतं. हौद्यात माणसं बसवायला कायद्यानं मनाई आहे. आबा पेशंटला आपल्या शेजारी पुढच्या सीटवर घेतात, पलीकडं त्याच्या घरचा एक माणूस, आणि गाडी मिरजेच्या दवाखान्याच्या वाटेला लागते. आषाढात दिंडीचं सामान पंढरपूरला नेते ती हीच गाडी. लग्नातली भांडी, गणपती, आजारी म्हैस, बदली झालेल्या गुरुजींचा संसार, सगळं हीच वाहते. डिझेलचे पैसे कुणी देतं, कुणी नंतर देतो म्हणतं. आबा विचारत नाहीत, काकू विसरत नाहीत. उतारावर उभी असलेली ही गाडी अशा रात्री एकदाही अडल्याचं गावाला आठवत नाही. दिवसा ती किती वेळा अडली हे मात्र प्रत्येकाला आठवतं, कारण प्रत्येकानं तिला धक्का मारलेला आहे.

तेव्हा जुनी डिझेल पिकअप घ्यावी का? रोजच्या भाड्यावर पोट असेल तर मुळीच घेऊ नका. गाडी अडली की त्या दिवसाचं भाडं जातं आणि भाड्यामागं गिऱ्हाईकही जातं. तिथं पुतण्याचाच रस्ता बरा. पण घरची शेती आहे, गॅरेज जवळ आहे आणि वेळेचा हिशेब मागणारं कुणी नाही, तर खुशाल घ्या. गाडी आबांना दाखवा, कागद काकूंना दाखवा, आणि किमतीच्या चौथाईएवढी रक्कम दुरुस्तीला बाजूला काढून ठेवा. आबा म्हणतील, एवढी लागत नाही. लागते.