स्कायलाइनची भावकी

निस्सान स्कायलाइन जीटी-आर ही एक गाडी नव्हे, ती भावकी आहे. या भावकीची वंशावळ ‘ग्रॅन टुरिस्मो’ या प्लेस्टेशनवरील शर्यतीच्या खेळाने जेवढ्या इमानाने जपली, तेवढी खुद्द कारखान्याने तरी जपली असेल का, शंकाच आहे. खेळाची पहिली आवृत्ती १९९७च्या डिसेंबरात जपानमध्ये आली. २०१०च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत गाड्यांचा आकडा हजाराच्या वर गेला होता. हजार म्हटले की छाती दडपते. पण यादी उघडावी तर आर३२ ही एक पिढीच संपता संपत नाही. साधी जीटी-आर, एन१, व्ही-स्पेक, व्ही-स्पेक एन१, व्ही-स्पेक टू. त्यांना ओलांडून पुढे जावे तर आर३३ उभी, आणि तिच्यामागे आर३४ आपले लटांबर घेऊन हजर. इंजिनाची जात सगळ्यांची एकच: २.६ लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो. कागदावरची शक्तीही एकच, २८० अश्वशक्ती. याहून मोठा आकडा छापायचा नाही, असे जपानी कंपन्यांनी आपसांत सभ्यपणे ठरवले होते. मोठी शक्ती बनवायची नाही, असे मात्र कोणी म्हटले नव्हते.

शक्तीत भेद नाही म्हटल्यावर तुलना उरते ती हाताळणीची. तिन्ही पिढ्यांचा मूळ स्वभाव सारखा आहे. यातली चारचाकी यंत्रणा एरवी सगळा जोर मागच्या चाकांना देते. ती चाके घसरू लागली की निम्म्यापर्यंत जोर पुढे वळवते. त्यात नाकावर ओतीव लोखंडाचे जड इंजिन. वळणात जरा जास्त वेगाने शिरले की नाक बाहेरच्या कुंपणाकडे ओढ घेते, खेळाडू स्टिअरिंग आणखी पिळतो, आणि नाक आणखी हट्टाला पेटते. शहाणा खेळाडू इथे गप्प बसतो, वेग उतरू देतो आणि मग ॲक्सिलरेटर दाबतो. मागची चाके किंचित सरकतात, पुढची ओढू लागतात आणि गाडी सरळ सुटते. मघाचा तंटा जणू शेजारच्या घरातला होता.

पिढ्यापिढ्यांमधला फरक मात्र खराच आहे, आणि तो मोजपट्टीवर दिसतो. आर३२च्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २६१५ मिलिमीटर आणि वजन १४३० किलो. आर३३मध्ये हेच आकडे २७२० आणि १५३० झाले. आर३४मध्ये अंतर पुन्हा २६६५वर आले; वजनाने मात्र परतीची वाट धरली नाही. खेळात याचा अर्थ असा, की आर३२ वळणाच्या मध्यावर पाय उचलताच शेपूट सैल सोडते आणि आखूड वळणांत चटकन फिरते. आर३३ लांब, वेगवान वळणांत आजोबांसारखी स्थिर राहते, पण नागमोडी रस्त्यावर तिला प्रत्येक वळणाची पूर्वसूचना द्यावी लागते. तिला भावकीत कायम दुय्यम मान मिळाला, हा अन्याय आहे. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवर तिने आर३२पेक्षा २१ सेकंद कमी, म्हणजे ७ मिनिटे ५९ सेकंद घेतल्याचा निस्सानचा दावा होता. ती वीस किलोमीटरची वाट २००४च्या चौथ्या आवृत्तीत खेळात आली आणि हा दावा घरबसल्या तपासण्याची सोय झाली. बहुतेक तपासण्या कुंपणात संपल्या.

खरी गंमत एकाच पिढीच्या उपप्रकारांत आहे. आर३२ एन१ ही शर्यतीसाठी हलकी केलेली गाडी. तिच्यातून एसी काढला, टेप काढला, मागच्या काचेचा वायपर काढला आणि एबीएसही काढले. खेळाडू हे सारे कौतुकाने वाचतो, मेनूत जातो आणि एबीएस चालू करतो. व्ही-स्पेकला ब्रेंबोचे मोठे ब्रेक मिळाले. मोठ्या ब्रेकचा खरा गुण तापल्यावरही न ढेपाळण्यात असतो. एका लॅपच्या चाचणीत तो दाखवण्याची पाळीच येत नाही. व्ही-स्पेक टूचे वैशिष्ट्य काय, तर टायर: २२५चे २४५ मिलिमीटर झाले. त्या वीस मिलिमीटरच्या आधारावर तिला स्वतंत्र नाव मिळाले. आणि खेळाडू पहिली गोष्ट करतो ती ही, की दुकानातून नवे टायर घेऊन चढवतो.

आर३४च्या घरात जरा बरी परिस्थिती आहे. व्ही-स्पेकचे सस्पेन्शन कडक असून मागच्या दोन चाकांत जोर वाटण्याचे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. साध्या जीटी-आरमध्ये ते यांत्रिक डिफरन्शियलकडे आहे. वळणातून बाहेर पडताना हा फरक लक्ष देणाऱ्याला लागतो. व्ही-स्पेक टूला कार्बन फायबरचे बॉनेट आहे. एम-स्पेकचे शॉक ॲब्सॉर्बर मऊ आणि आसने चामड्याची, तीही ऊब देणारी. शॉक ॲब्सॉर्बरांचा मऊपणा फुटपाथच्या कडेवरून चाक गेले की जाणवतो. आसनाची ऊब प्लेस्टेशनला अद्याप साधलेली नाही.

तुलनेची रूढ पद्धत अशी: ट्रॅक एक, टायर एका जातीचे, मदतनीस यंत्रणा बंद. जपानमधले त्सुकुबा त्यासाठी सोयीचे. दोन किलोमीटरच्या आसपास लांबी, आखूड वळणे भरपूर, चूक लगेच कळते. पहिल्या गाडीचा उत्तम लॅप भूत म्हणून ठेवायचा आणि दुसऱ्या गाडीने त्या अर्धपारदर्शक भुताचा पाठलाग करायचा. या पद्धतीत एकच खोट आहे. दुसऱ्या गाडीच्या वेळेपर्यंत खेळाडूचा हात बसलेला असतो, त्यामुळे दुसरी गाडी जवळजवळ नेहमीच सरस ठरते. त्यात तिचे नाव लांबलचक असेल तर विचारूच नये. एकाच पातेल्यातला चहा दोन कपांत ओतावा आणि नक्षीचा कप उचलून पाहुण्याने ‘यात आलं जास्त आहे’ म्हणावे, तसे मग ‘ही पुढून जास्त चावते’ असे निष्कर्ष निघतात.

यावर उपाय आहे, पण तो फारसा लोकप्रिय नाही. धाकट्या भावाने गाडी निवडायची, नाव दिसू द्यायचे नाही आणि बंपरवरचा कॅमेरा लावून कंट्रोलर हाती द्यायचा. आर३३ असेल तर दुसऱ्याच वळणावर ओळख पटते. व्ही-स्पेक की व्ही-स्पेक टू, या प्रश्नावर मात्र खोलीत शांतता पसरते, आणि थोड्या वेळाने ‘इंजिनाचा आवाज जरा निराळा वाटतोय’ असे उत्तर येते. इंजिन अर्थातच तेच असते.

२०२२मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने ही भावकी आवरती घेतली: आर३२ची व्ही-स्पेक टू, आर३३ची व्ही-स्पेक आणि आर३४ची व्ही-स्पेक टू न्यूर. पिढीमागे एकेक प्रतिनिधी पुरे. तुलनाकार बेकार होतील असे वाटत असतानाच जुलै २०२४च्या एका अपडेटने सस्पेन्शन आणि टायरांचे गणितच बदलले. विशिष्ट जुळणी केलेल्या काही गाड्या चेंडूसारख्या उसळून चक्क हवेत जाऊ लागल्या. दुरुस्ती काही दिवसांत आली. पण तोवर तुलनाकार कामाला लागलेही होते: एका बाजूला अपडेटपूर्वीची आर३४, दुसऱ्या बाजूला अपडेटनंतरची आर३४. वजन तेच, चाकांतले अंतर तेच, आणि हाताळणीबद्दल घोर मतभेद.